बूट उतरवण्याची वेळ

कोल्हापुरात पावसाळा म्हणजे फुटबॉलचा उपवास. शाहू स्टेडियमवर चिखल झालेला असतो, तालमींचे सामने बंद असतात, आणि ज्यांच्या पायांना काम नाही त्यांच्या जिभांना भरपूर काम मिळते. आमच्या कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाचा एक गाडा आहे. जून ते ऑक्टोबर या काळात तेथे जेवढे गोल होतात, तेवढे साऱ्या मोसमात मैदानावर होत नसतील. मी मराठी शिकवतो. पंडित कवींच्या लांबलचक समासांतून विद्यार्थ्यांना आणि स्वतःला सोडवून झाले की मीही त्या गाड्यावर जाऊन उभा राहतो. तेथली मराठी वर्गातल्या मराठीपेक्षा अधिक जिवंत असते, हे कबूल करायला मला संकोच वाटत नाही.

यंदा वादाचा विषय होता आमच्या पेठेच्या संघातला एक फॉरवर्ड. वय छत्तीस. गेली दहा-बारा वर्षे पेठेने त्याला खांद्यावर घेऊन नाचवले. आता येत्या मोसमात त्याला संघात ठेवायचे की नाही, यावर दोन तट पडले होते.

"दहा वर्षं त्यानं आपल्याला फायनल दाखवली. आता त्याला दारात उभा करायचा व्हय?" एक जण म्हणाला.

"दाखवली न्हवं? मग झालं की!" दुसरा उसळला. "आता पळतोय का बघ जरा. बॉल जातोय मुंबईला आणि ह्यो अजून साताऱ्यात!"

हशा झाला. मग नेहमीप्रमाणे दोघांनी माझ्याकडे पाहिले. "सर, तुम्हीच सांगा."

शिक्षकाने अशा वेळी निकाल देऊ नये, चहा मागवावा. मी तेच केले. पण घरी आल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्याला कारण होते. ते पुढे सांगेन.

वस्तुतः हा वाद आमच्या पेठेचा नाही. जेथे जेथे अकरा माणसे चेंडूमागे धावतात आणि हजारो माणसे त्यांच्यामागे मनाने धावतात, तेथे तेथे तो होतो. आपल्या भाषेने तर दोन्ही पक्षांची वकिली आधीच करून ठेवली आहे. एक पक्ष म्हणतो, "गरज सरो, वैद्य मरो, ही कुठली रीत?" दुसरा म्हणतो, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. नुसत्या नावावर किती दिवस खेळणार?" मौज अशी की दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. म्हणून तर हा वाद मिटत नाही.

जगातला सर्वांत मानाचा क्लब म्हणून ज्याचे नाव घेतात, त्या माद्रिदच्या रेआलचीच गोष्ट घ्या. मोठ्या घरी निरोपाचे समारंभ मोठे होत असतील अशी आपली समजूत असते. पण या घरचा इतिहास निराळा आहे. आल्फ्रेदो दि स्तेफानो हा या क्लबचा पाया घालणारा खेळाडू. १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षे रेआलने युरोपियन कप जिंकला आणि पाचही अंतिम सामन्यांत दि स्तेफानोने गोल केला. १९६० साली ग्लासगोत फ्रांकफुर्टचा ७-३ असा धुव्वा उडाला, त्यात त्याचे तीन आणि पुश्काशचे चार. पुढे १९६४ साली व्हिएन्नात इंटर मिलानकडून अंतिम सामना ३-१ असा गेला. दि स्तेफानो तेव्हा अडतिशीला टेकला होता. प्रशिक्षकाशी खटके उडाले, क्लबने त्याला खेळ सोडून दुसरे काम पाहण्यास सुचवले, ते त्याला मानवले नाही, आणि ज्याने ते मंदिर उभारले तो पुजारी पिशवी उचलून बार्सेलोना शहरातल्या एस्पान्योल क्लबात खेळायला गेला. २००० साली त्याच क्लबने त्याला सन्माननीय अध्यक्ष केले आणि पुढे सरावाच्या मैदानाला त्याचे नाव दिले. मानाला उशीर झाला असे म्हणावे, की उशिरा का होईना मान मिळाला असे म्हणावे, हे ज्याने त्याने ठरवावे.

त्यानंतर राउल. सतराव्या वर्षी पहिल्या संघात आला, सोळा मोसम खेळला, ७४१ सामने आणि ३२३ गोल करून २०१० साली जर्मनीतल्या शाल्के क्लबात गेला. आणि मग ईकेर कासियास.

कासियासची कथा मला विशेष वाटते, कारण ती गोलरक्षकाची आहे. फॉरवर्ड दहा संधी दवडतो आणि अकराव्या संधीला गोल करतो, तेव्हा लोक दहा विसरतात. गोलरक्षकाचा हिशेब उलटा. त्याने दहा गोल वाचवले आणि अकरावा सुटला, तर लोक अकरावाच घरी घेऊन जातात. कासियास माद्रिदजवळच्या मोस्तोलेसचा. नवव्या वर्षी क्लबच्या शाळेत आला, अठराव्या वर्षी पहिल्या संघाचा गोलरक्षक झाला. २००२ च्या युरोपियन अंतिम सामन्यात दुसऱ्या गोलरक्षकाला दुखापत झाली म्हणून शेवटच्या टप्प्यात हा उतरला आणि चेंडूमागून चेंडू अडवून त्याने करंडक राखला. २०१० साली स्पेनने विश्वचषक जिंकला, तेव्हा कप्तान हाच. अंतिम सामन्यात हॉलंडचा रॉबेन एकटा समोर आला असताना त्याने चेंडू पायाने बाहेर लोटला होता. तो पाय नसता, तर कदाचित स्पेनच्या इतिहासातले ते पान कोरे राहिले असते.

आणि या माणसाला डिसेंबर २०१२ मध्ये मालागाविरुद्धच्या सामन्यात प्रशिक्षक मोरिन्यो यांनी बाकावर बसवले. रेआल तो सामना हरले. जानेवारीत आपल्याच सहकाऱ्याचा पाय लागून कासियासच्या हाताचे हाड मोडले, आणि दुसरा गोलरक्षक आणला गेला. तेथून माद्रिदचे प्रेक्षक दुभंगले. निम्मे म्हणत, हा आपला घरचा मुलगा; निम्मे म्हणत, घरचा आहे म्हणून काय गोल खायचे? पुढचा प्रशिक्षक आन्चेलोत्ती आला. त्याने तोडगा काढला की साखळीत एक गोलरक्षक आणि करंडकांच्या सामन्यांत कासियास. वाटणीच्या भांडणात घराच्या मधोमध भिंत घालतात, तसा हा तोडगा होता. २०१४ चा युरोपियन अंतिम सामना लिस्बनला झाला. कासियास गोल सोडून अवेळी पुढे आला आणि आत्लेतिकोच्या गोदीनचा चेंडू त्याच्या डोक्यावरून आत गेला. रामोसने अगदी शेवटच्या क्षणी बरोबरी साधली, जादा वेळात रेआल ४-१ असे जिंकले आणि करंडक उचलायला कासियासच पुढे झाला. पण पुढच्याच महिन्यात विश्वचषकात हॉलंडने स्पेनचा ५-१ असा पराभव केला. लोकांच्या लक्षात करंडक राहिला नाही, पाच राहिले.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे मैदानात शिट्टी वाजली की ती शाबासकीची. स्पेनमध्ये शिट्टी म्हणजे धिक्कार. कासियासच्या शेवटच्या मोसमात त्याच्या स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या प्रेक्षकांनी त्याच्यावर शिट्ट्या वाजवल्या. आणि १२ जुलै २०१५ रोजी, पहिल्या संघासाठी ७२५ सामने खेळून, हा माणूस पत्रकारांसमोर एकटा येऊन बसला. शेजारच्या खुर्चीवर क्लबचा कुणी अधिकारी नव्हता. हातात एक कागद होता. तो वाचताना त्याला पुन्हा पुन्हा थांबावे लागले, कारण डोळे ऐकत नव्हते. ते चित्र जगभर गेले आणि जे शिट्ट्या वाजवत होते तेही हळहळले. दुसऱ्या दिवशी क्लबने घाईने एक समारंभ केला, अध्यक्ष आले, करंडक मांडले. पण जमलेल्या लोकांनी अध्यक्षांविरुद्धच घोषणा दिल्या. काल ज्याला नको म्हटले, आज त्याच्यासाठी भांडायचे, हा प्रेक्षकांचा धर्मच आहे.

आता दुसरा पक्ष ऐकू. तो भावनाशून्य आहे असे कुणी समजू नये. तो फक्त हिशेबी आहे. कासियास पोर्तो क्लबात गेला आणि रेआलने २०१६, २०१७ आणि २०१८ असे सलग तीन वर्षे युरोपचे अजिंक्यपद मिळवले. गोलात होता केलोर नवास. मग कासियासला जाऊ दिले यात चूक काय झाली?

इटलीतल्या तुरीनचा युव्हेन्तुस क्लब घ्या. आलेस्सांद्रो देल पिएरो १९९३ साली तेथे आला. २००६ साली निकालांच्या गैरव्यवहारावरून क्लबला दुसऱ्या श्रेणीत ढकलण्यात आले, मोठमोठे खेळाडू सामान बांधून गेले, तेव्हा विश्वचषक जिंकून आलेला हा माणूस क्लबबरोबर खालच्या श्रेणीत खेळला. एवढ्या निष्ठेचे फळ काय? ऑक्टोबर २०११ मध्ये भागधारकांच्या सभेत अध्यक्षांनी सांगून टाकले की हा देल पिएरोचा शेवटचा मोसम. नफा-तोट्याच्या आकड्यांबरोबर एका आयुष्याचा आकडाही वाचला गेला. पण युव्हेन्तुसने त्या वर्षी जे अजिंक्यपद जिंकले, ते धरून सलग नऊ वर्षे ते त्यांच्याकडेच राहिले. त्यांतली आठ देल पिएरो गेल्यानंतरची. हिशेब अध्यक्षांच्या बाजूने आहे, हे मान्य करावेच लागते.

मात्र प्रेक्षकांनी आपला वेगळा हिशेब केला. १३ मे २०१२, समोर अतालांता. देल पिएरोने गोल केला आणि दुसऱ्या अर्धात त्याला बाहेर बोलावले. सारे स्टेडियम उभे राहिले आणि उभेच राहिले. मैदानावर सामना चालू होता, पण तो पाहत होते कोण? लोक देल पिएरोकडे पाहत होते, आणि तो बाकावरून उठून पुन्हा पुन्हा मैदानाच्या कडेने फिरून नमस्कार करीत होता. अधिकृत समारंभ कुणी आखला नसता तरी चालले असते. लोकांनी तो चालू सामन्यात करून टाकला.

रोमची गोष्ट याहून गुंतागुंतीची. फ्रांचेस्को तोत्ती हा रोमचाच मुलगा. मार्च १९९३ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी रोमा क्लबकडून पहिला सामना खेळला आणि दुसऱ्या कुठल्याही क्लबचा पोशाख त्याने अंगाला लावला नाही. ७८६ सामने, ३०७ गोल. २००१ चे अजिंक्यपद त्याच्या काळातले. आता गंमत पाहा. लुचानो स्पालेत्ती हे प्रशिक्षक रोमात पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनीच तोत्तीला अगदी पुढे खेळवले, आणि २००६-०७ च्या मोसमात २६ गोल करून तो युरोपातला सर्वाधिक गोल करणारा ठरला. तेच स्पालेत्ती जानेवारी २०१६ मध्ये दुसऱ्यांदा आले, तेव्हा तोत्ती एकोणचाळीस वर्षांचा होता. ते त्याला बाकावर बसवू लागले. तोत्तीने मुलाखतीत नाराजी बोलून दाखवली, आणि स्पालेत्तींनी त्याला सामन्याच्या आधी शिबिरातून घरी पाठवले. ज्याने शिष्याला शिखर दाखवले, त्याच गुरूने त्याला उतरणीचा रस्ता दाखवावा, याहून अवघड प्रसंग कोणता?

रोम शहर दुभंगले. कॉफीच्या दुकानांत दोन पक्ष झाले. आणि २० एप्रिल २०१६ रोजी तोरिनोविरुद्ध रोमा १-२ असे मागे असताना, सामना संपायला चार-पाच मिनिटे उरली असता तोत्तीला आत पाठवले. त्याने लागोपाठ दोन गोल केले आणि सामना ३-२ असा जिंकून दिला. प्रेक्षकांत लोक रडत होते. पहिल्या पक्षाला यापेक्षा मोठा पुरावा कोणता हवा? पण दुसरा पक्ष शांतपणे म्हणाला, "खरे आहे, पण चार मिनिटांसाठी."

२८ मे २०१७ रोजी तोत्ती शेवटचा सामना खेळला. जेनोआविरुद्ध दुसऱ्या अर्धात तो उतरला. प्रशिक्षकांवर शिट्ट्या झाल्या, तोत्तीसाठी अश्रू वाहिले. सामन्यानंतर त्याने मैदानाच्या मधोमध उभे राहून एक पत्र वाचले, आणि आता मला भीती वाटते आहे हे त्याने लपवले नाही. हजारो लोकांसमोर पेनल्टी घेणारा माणूस सोमवारच्या सकाळीला भितो, हे ज्यांना समजत नाही त्यांनी घरातल्या निवृत्त माणसाकडे एकदा नीट पाहावे. दुसऱ्याच वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, रोमाने बार्सेलोनाला ३-० असे हरवून युरोपच्या उपान्त्य फेरीत प्रवेश केला. तोत्ती प्रेक्षकांत होता. पुन्हा हिशेब दुसऱ्या पक्षाच्या बाजूने!

आपल्या देशात मात्र हा हिशेब उलटा झाला. सुनील छेत्रीने मे २०२४ मध्ये आपण होऊन निवृत्ती जाहीर केली. ६ जून २०२४ रोजी कलकत्त्याच्या सॉल्ट लेक मैदानावर कुवेतविरुद्ध तो शेवटचा सामना खेळला. सामना ०-० सुटला, सहकाऱ्यांनी दोन रांगा करून त्याला मानवंदना दिली. ९४ आंतरराष्ट्रीय गोल, आणि वेळ त्याने स्वतः निवडलेली. निरोप असावा तर असा, असे आम्ही सारे म्हणालो. आणि मार्च २०२५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, प्रशिक्षकांनी त्याला परत बोलावले! शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने पंचाण्णवावा गोलही केला. मग पुन्हा वाद. कुणी म्हणाले, हा हट्ट आहे. कुणी म्हणाले, त्या मोसमात भारतीय खेळाडूंत सर्वांत जास्त गोल त्याचेच होते, मग बोलावू नये तर काय करावे? मला वाटते, दोष छेत्रीचा नव्हता आणि त्याला बोलावणाऱ्याचाही नव्हता. आपले मोठे क्लब गोल करण्याची जबाबदारी परदेशी खेळाडूंवर टाकतात, भारतीय तरुण कडेला खेळत राहतो, आणि मग देशाच्या संघासाठी नऊ नंबरचा माणूस शोधायला निघाले की जुन्याच घराची कडी वाजवावी लागते. म्हातारा जात नाही अशी तक्रार करण्याआधी, त्याच्या जागी कुणाला वाढवले, हेही स्वतःला विचारले पाहिजे.

वाचकहो, आता ते कारण सांगतो.

१९९७ साल. मी बारावीत होतो. आमच्या संघाचा सेंटर-हाफ सदतीस वर्षांचा होता. सायकल दुरुस्तीचे दुकान चालवायचा. सारी पेठ त्याला मामा म्हणायची. उपान्त्य सामन्यात एक साधा चेंडू त्याच्या पायाखालून गेला आणि गोल झाला. मैदान क्षणभर गप्प झाले. त्या शांततेत एक आवाज उठला, "मामा, पंक्चर काढायला जावा आता!" सारा स्टँड हसला. पुढची वीस मिनिटे तेच वाक्य शेकडो तोंडांतून येत राहिले. पहिला आवाज माझा होता.

मामा त्यानंतर खेळले नाहीत. मी शिकायला पुण्यास गेलो, नोकरी लागून परत आलो, लग्न झाले. मुलीच्या सायकलची चेन तुटली म्हणून एकदा त्यांच्या दुकानात जाणे झाले. पांढऱ्या केसांचे मामा खाली बसून चेन जोडत होते. मला राहवले नाही. मी सांगून टाकले.

ते माझ्याकडे पाहून हसले. "तू व्हतास व्हय! तरीच मास्तर झालास. आवाज लई मोठा होता." मग पान्याने नट आवळीत म्हणाले, "वरडण्याचं काय न्हाई रं. पोरगा असताना मी पण वरडलोय. पुढच्या मॅचला मी बूट पुसून, नवी नाडी घालून, पिशवी घेऊन गेलो. बघतोय तर माझा नंबर दुसऱ्याच्या पाठीवर. कोण काय बोललं न्हाई. समदी खाली मान घालून नाड्या बांधत बसली. एकानं जरी आदल्या दिवशी घरी येऊन सांगितलं असतं, तर त्या पोराच्या अंगात मी माझ्या हातानं जर्सी घातली असती."

सायकलचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी आग्रह केला नाही. ती माझी शिक्षा होती असे मी समजतो.

तेव्हापासून मला वाटत आले आहे की आपण वाद चुकीच्या प्रश्नावर घालतो. खेळाडूने जावे की राहावे, हा प्रश्न खरे पाहता पाय सोडवतात. पाय कुणाचेच ऐकत नाहीत, ना प्रेक्षकांचे, ना अध्यक्षांचे. खरा प्रश्न असतो तो सांगायचे कोणी आणि कसे. कासियासच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली, देल पिएरोचे जाणे भागधारकांच्या सभेत कळले, मामांना ते दुसऱ्याच्या पाठीवर वाचावे लागले. माद्रिद असो, तुरीन असो की आमची पेठ. मोठ्या माणसाच्या तोंडावर छोटीशी खरी गोष्ट सांगण्याचे धैर्य कुणाला होत नाही. मग ते काम शिट्ट्यांवर सोपवले जाते.

दुसऱ्या दिवशी गाड्यावर मी हे सारे त्या दोघांना सांगितले. मामांचे सुद्धा सांगितले. पहिल्यांदाच त्यांची बडबड थांबली. बऱ्याच वेळाने एक जण म्हणाला, "पण सर, त्याला सांगायला जायचं कुणी?"

बराच वेळ कुणी बोलेना. मग कालचा तो मुंबई-सातारावाला मान वर करून म्हणाला, "मंडळाच्या मोठ्या लोकांस्नी घेऊन मी जातो. पण सर, तुम्ही बी चला."

आम्ही गेलो. तेथे जे बोलणे झाले ते त्या घरातले आहे. ते येथे लिहिणे बरे नाही. एवढेच सांगतो की तो सुरुवातीला चिडला, मग बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसला. चहा आला, तो निवला, दुसरा आला. निघताना आम्ही चपला घालत होतो, तेव्हा त्याने दारातून विचारले, "माझ्या जागी कोण खेळणार?"

पोराने एक नाव सांगितले.

"त्याचा डावा पाय कच्चा हाय," तो म्हणाला. "सकाळी सहाला मैदानावर पाठवा त्याला. आणि बूट घेऊन ये म्हणावं, चपलात येऊ नको."